जोर-बैठका आणि वऱ्हाड



चिखलदऱ्याला जाऊन आलेल्या माणसाला भीमकुंड ठाऊक असते. भीमाने कीचकाला मारून तिथल्या दरीत फेकले आणि मग त्या कुंडात हात धुतले, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कीचकाची दरी म्हणून चिखलदरा, अशी नावाची उपपत्तीही लोक देतात. हा काही इतिहास नव्हे, ही लोकांनी जपलेली कथा आहे. पण त्या कथेतली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. विराटाच्या घरी भीम राजपुत्र म्हणून राहत नव्हता. तो बल्लव नावाचा आचारी होता. हातात गदा नाही, अंगावर कवच नाही. पळीझारा फिरवणाऱ्या त्या माणसाने जीमूत नावाच्या नामांकित मल्लाला लोळवले, ते केवळ अंगच्या बळावर. सगळे काही काढून घेतले तरी माणसापाशी जे उरते, ते त्याचे अंगबळ. आज ज्या व्यायामाविषयी मी बोलणार आहे, त्याचा इतिहास याच एका वाक्यात मावतो असे मला वाटते.

हा व्यायाम म्हणजे आपले जोर आणि बैठका. कुणी जोर म्हणतात, कुणी दंड म्हणतात. वऱ्हाडात हिंदीचा शेजार असल्यामुळे ‘दंड पेलणे’ही ऐकू येते. सकाळी पोरगा उशिरा उठला की घरातला म्हातारा विचारायचा, “काहून रे पोट्ट्या, जोर काढले का आज?” त्या प्रश्नात पोराच्या तब्येतीची चौकशी असे आणि त्याच्या वागणुकीचीही.

जोर कसा काढतात हे शिक्षकबंधूंना नव्याने सांगायला नको; तरी विसरले असतील त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही तळहात खांद्यांइतक्या अंतरावर जमिनीला टेकायचे, पाय मागे थोडे फाकून ठेवायचे. कंबर वर, डोके दोन्ही दंडांच्या मध्ये. शरीराची अशी कमान झाली, की कोपरात हात वाकवून छाती जमिनीच्या अगदी लगत पुढे न्यायची. कुंपणाच्या तारेखालून मांजर जाते ना, तसे. मग छाती वर, नजर आभाळाकडे, पाठीला बाक. आणि पुन्हा मागे, कंबर वर. हा झाला एक जोर. यात खांदे, छाती आणि दंड यांना ताकदीचे काम पडते. पोटरी, मांडीची मागची शीर आणि पाठीचा कणा यांना ताण पडून ते लवचीक होतात. श्वास आपोआप तालावर येतो. ताकद आणि लवचीकपणा एकाच हालचालीत देणारे व्यायाम फार थोडे आहेत. जोर त्यांतला एक. यातूनच पुढचे प्रकार निघाले. एक पाय पुढे हाताजवळ आणायचा तो हनुमान दंड, एक पाय विंचवाच्या नांगीसारखा वर उचलायचा तो वृश्चिक दंड, आणि वरचे अंग गोल फिरवायचे तो चक्रदंड. बैठक ही जोराची जोडीदारीण. जोराने वरचे अंग घडते, बैठकीने खालचे.

आणि यासाठी सामान काय लागते? दोन तळहात आणि दोन पाऊल टेकतील एवढी जमीन. बस्स! आता पाहा, आखाड्याचा हौद करायचा तर वऱ्हाडात मोठी पंचाईत. आपली जमीन काळी, कापसाची. पावसात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कुस्तीला माती मऊ आणि भुसभुशीत हवी. ती बाहेरून आणावी लागते, चाळावी लागते, तिच्यात तेल, ताक, हळद घालून ती मळावी लागते. कुस्तीला जोडीदार हवा, मल्लखांबाला खांब हवा, मुद्गलाला सुतार हवा. जोराला यातले काहीच नको. गोठ्याच्या पुढच्या पडवीत, देवळाच्या फरशीवर, तुरुंगाच्या कोठडीतसुद्धा जोर काढता येतो. म्हणूनच तो टिकला.

तो किती जुना आहे, असे कुणी विचारले तर जपून उत्तर द्यावे लागते. आपल्याकडे कुठलीही चांगली गोष्ट पाच हजार वर्षांची ठरवून मोकळे होण्याची सवय आहे. पण जे लिहिलेले सापडते तेवढेच सांगावे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, सुमारे ११३० साली, ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात मल्लांच्या करमणुकीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांची निवड, त्यांचा खुराक आणि त्यांची मेहनत यांचे तिथे वर्णन येते. मेहनतीला तिथे ‘श्रम’ म्हटले आहे. वजन उचलण्याचा श्रम, पाण्यातला श्रम, खांबावरचा श्रम असे त्याचे प्रकार सांगितले आहेत. गुजरातेतील ज्येष्ठीमल्ल नावाच्या मल्लांच्या जातीचे ‘मल्लपुराण’ बडोद्याहून १९६४ साली छापून प्रसिद्ध झाले. त्यातही श्रमाचे अनेक प्रकार दिलेले आहेत. म्हणजे मल्लांनी अंगमेहनत शिस्तीने, प्रकार पाडून करावी, ही परंपरा निदान आठशे-नऊशे वर्षांची आहे. आणि वैद्यकाने तिला मर्यादाही घालून दिली होती. सुश्रुताने सांगून ठेवले आहे की व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्यानेच करावा. हजार-दोन हजार जोरांच्या बढाया मारणाऱ्यांनी हे वचन कानात साठवून ठेवायला हरकत नाही.

पेशवाईच्या अखेरीस ही विद्या एका माणसाच्या हाती आली आणि तिथून तिचा विस्तार झाला, असे परंपरा सांगते. तो माणूस म्हणजे बाळंभटदादा देवधर. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान आव्हान घेऊन आले, ते बाळंभटदादांनी स्वीकारले आणि मल्लखांबाची मेहनत करून ते यशस्वी झाले, अशी ती कथा आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीराव ब्रह्मावर्ताला गेले. राज्य गेले; पण तालीम गेली नाही. बाळंभटदादांच्या शिष्यशाखा काशी, बडोदे, मिरज अशा गावोगाव पसरल्या. ज्यांचे किल्ले गेले, तोफा गेल्या, त्यांच्यापाशी आखाडे उरले.

वऱ्हाडचे तर आणखीच वेगळे होते. १८५३ साली निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ साली कायमचा पट्टा झाला आणि १९०३ पासून वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. म्हणजे नावाला धनी निजाम, कारभाराला धनी इंग्रज, आणि मधल्या मधे वऱ्हाडी माणूस! कापसाने पैसा आणला हे खरे. खामगाव, अकोला, अमरावती इथे जिनांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. पण १८९९-१९०० चा दुष्काळ याच कापसाच्या देशात पडला. पैसा असून धान्य नाही, अशी दशा लोकांनी पाहिली. पुढे १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली, तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत जास्त माणसे दगावलेल्या प्रांतांपैकी एक होता. आपल्या लोकांची शरीरे खचत चालली आहेत, ही चिंता त्या काळातल्या विचारी माणसांना काही पुस्तक वाचून लागली नव्हती. ती त्यांनी दारोदार पाहिली होती.

राजकीय जागृतीही होतीच. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले. दादासाहेब खापर्डे यांच्यासारखा टिळकांचा साथीदार याच शहरातला. १८७८ च्या कायद्याने हत्यार बाळगायला परवाना लागत असे. परवान्याशिवाय बाळगता येईल असे हत्यार एकच, ते म्हणजे आपले शरीर. लोकमान्यांच्या पिढीने तालमी आणि गणेशोत्सव यांची सांगड का घातली, हे आता वेगळे सांगायला नको.

अशा या काळात, १९१४ साली, अमरावतीत अंबादासपंत वैद्य आणि अनंत कृष्ण वैद्य या बंधूंनी एक आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर प्रसिद्ध झाला. या नावातला ‘प्रसारक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आखाडे गावोगाव होतेच. पण आखाड्याची विद्या ही वस्तादाची. ती तो निवडक पठ्ठ्यांना देणार, हळूहळू देणार, आणि एखादा डाव शेवटपर्यंत स्वतःपाशी राखून ठेवणार. तिथे शिरकाव कुणाचा होणार, हेही घराणे, ओळख आणि पुष्कळदा जात यांवर ठरे. ही विद्या कोंडून न ठेवता वाटायची, शाळेतल्या साध्या पोरालाही द्यायची आणि ती देणारे शिक्षक तयार करायचे, हा नवा विचार होता. मंडळाने उन्हाळी सुट्टीत शिक्षकांसाठी वर्ग काढले. दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येऊन शिकली आणि आपापल्या गावी जाऊन शिकवू लागली. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांनीही अमरावतीच्या या मंडळात व्यायामाचे शिक्षण घेतले होते, असे त्यांची चरित्रे सांगतात. १९३१ साली लाहोरच्या तुरुंगात फासावर जाणाऱ्या त्या तरुणाचे अंग वऱ्हाडच्या उन्हात तापले होते, हे आपल्या मुलांना माहीत असले पाहिजे.

आता इथे एक अडचण होती. एकटा पठ्ठा शंभर जोर काढतो, ही गोष्ट वेगळी. आणि शंभर मुले एका वेळी एक जोर काढतात, ही गोष्ट वेगळी. दुसऱ्याला ठेका लागतो, हुकूम लागतो, रांग लागते. सरकारी शाळांतून तेव्हा ड्रिल चाले. लष्करातून निवृत्त झालेले मास्तर इंग्रजी हुकूम देत, आणि ज्यांना त्या हुकमांचा अर्थ कळत नाही अशी पोरे पाय आपटत. बडोद्याला जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव यांनी सांघिक व्यायामाला हिंदी हुकूम दिले आणि देशी व्यायाम ओळीत, तालावर करून घेतले. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हे याच माणिकरावांचे शिष्य. त्याच साली पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले. मद्रासला १९२० साली हॅरी बक या अमेरिकन गृहस्थाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले होते. तिथे पाश्चात्त्य पद्धतीवर भर होता. आपली माणसे ते पाहत होती आणि स्वतःला विचारत होती की आमच्यापाशी जे आहे, ते आम्हाला असे मांडता येईल की नाही?

या प्रश्नाचे उत्तर अमरावतीने १९३६ साली बर्लिनला दिले. ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ तिथे गेला आणि त्याने भारतीय खेळांची आणि व्यायामांची प्रात्यक्षिके दाखवली. कबड्डी परक्या मुलखातल्या प्रेक्षकांसमोर आली ती तेव्हा. ज्या देशाला स्वतःचा झेंडा नव्हता, त्या देशातल्या एका जिल्ह्याच्या गावचे तरुण आपले देशी खेळ घेऊन समुद्रापार गेले, ही गोष्ट लहान नाही. अर्थात यजमान कोण होते, हेही विसरू नये. त्या वेळच्या जर्मन राजवटीने शरीरसौष्ठवाचा डंका वाजवत माणुसकी पायदळी तुडवली. बळ कशासाठी, हा प्रश्न बळाच्या बरोबरच विचारावा लागतो. मारुतीच्या देवळात आपण त्याच्या ताकदीला हात जोडतो, ते तो रामाचा सेवक आहे म्हणून.

जोराचा प्रवास बर्लिनपाशी संपला नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रचार केला. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली निघाले. नमस्कारातल्या मधल्या स्थिती आणि जोर यांचे नाते कुणाच्याही डोळ्यांना दिसेल असे आहे. म्हैसूरच्या राजवाड्यात त्याच सुमारास कृष्णमाचार्य योगासने शिकवत होते. त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्याला आले आणि पुढे जगभर पोहोचले. आज परदेशातल्या योगवर्गात कंबर वर आणि डोके खाली अशी जी कमान करवून घेतात, ती आपल्या जोराचीच पहिली स्थिती आहे. आधुनिक योगाच्या या घडणीत आखाड्यातल्या मेहनतीचा वाटा आहे, असे नॉर्मन स्योमन आणि मार्क सिंगलटन यांच्यासारख्या अभ्यासकांनी अलीकडे मांडले आहे. तिकडे कुस्तीगीरांमध्येही जोराला ‘हिंदू पुश-अप’ या नावाने ओळखतात. १९१० साली लंडनला जाऊन झ्बिस्को याच्याशी झुंजणारा गामा पहिलवान कशावर तयार झाला, याची चौकशी करता करता तिकडच्या मल्लांच्या हाती हेच जोर आणि याच बैठका लागल्या.

म्हणजे पाहा, मल्लाच्या हौदातून जोर निघाला, शाळेच्या मैदानावर आला, परदेशात गेला. आणि आपल्या गावात, आपल्या शाळेत त्याचे काय झाले?

इथे मला शिक्षकबंधू-भगिनींशी थोडे मोकळेपणाने बोलायचे आहे. राग मानू नये. आपल्या मुलाला बैठक पहिल्यांदा भेटते कुठे? मैदानावर नव्हे, तर वर्गात. पाढा आला नाही, गृहपाठ केला नाही, की “धर कान, काढ पन्नास उठाबशा!” व्यायामाची राणी अशी कान धरून वर्गात उभी राहिली. मराठीत दंड या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक बाहूचा, दुसरा शिक्षेचा. वस्तादाने पहिला अर्थ शिकवला आणि आम्ही मास्तरांनी दुसरा. ज्या मुलाने बैठकीची ओळख शरमेबरोबर करून घेतली, तो मोठेपणी पहाटे उठून आनंदाने बैठका मारील, ही अपेक्षाच चूक. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली, ते मुलांसाठी चांगले झालेच. मी म्हणतो, बैठकीसाठीही चांगले झाले. आता तिला तिची जागा परत देता येईल.

आणखी एक नुकसान झाले, ते अधिक हळू आवाजात झाले. व्यायाम रांगेत आला, सर्वांना मिळाला, ही मोठीच कमाई. पण रांगेत आल्यावर वस्तादाची नजर गेली. वस्ताद आकडा मोजत नसे. तो जोर पाहत असे. पोराची कंबर लचकते का, मनगट वाकडे पडते का, दम तोंडाने सुटतो का, हे तो पाही आणि “थांब, आज इतकंच” म्हणे. शिट्टीवर शंभर मुलांचे जोर करवून घेताना ही नजर हरवते आणि उरतो तो आकडा. मग मुले छाती खाली न नेताच संख्या पुरी करतात, किंवा दुखऱ्या मनगटावर जिद्दीने रेटतात. वैद्य बंधूंच्या पिढीने विद्या सर्वांपर्यंत नेली. त्या विद्येबरोबर वस्तादाची नजरही सर्वांपर्यंत नेणे, हे काम त्यांच्यानंतरच्यांकडे, म्हणजे आपल्याकडे राहिले आहे.

हे काम अवघड नाही. वर्गातली मुले चारचारच्या टोळीत बसवा. एकाने जोर काढायचा, तिघांनी पाहायचे आणि सांगायचे. पाच जोर, पण पाचही चांगले. ज्याला साधा जोर झेपत नाही, त्याने आधी भिंतीला हात टेकून काढावा, मग ओट्याला, मग जमिनीवर. मुलींना वगळू नका. जोराला मुलगा-मुलगी कळत नाही. ज्याचे मनगट किंवा कंबर दुखते त्याला त्या दिवशी सोडा. आणि निम्म्या शक्तीचा तो सुश्रुताचा नियम फळ्यावर लिहून ठेवा.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून ‘ग्रामगीता’ दिली, तीत गावाच्या आरोग्याचाही विचार आहे आणि गावाच्या रक्षणाचाही. या दोन्ही गोष्टी विकत मिळत नाहीत, त्या गावाने स्वतःच्या अंगाने करायच्या असतात. अकोल्याकडे श्रावणात जाऊन पाहा. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन तरुणांची मंडळे रातोरात राजराजेश्वराच्या देवळापर्यंत चालत येतात. त्या कावडीखालचा खांदा एका रात्रीत तयार होत नसतो. भरतीची तयारी करणारी पोरे पहाटे मोर्शी रोडला, बाळापूर रोडला धावताना दिसतात. त्यांतल्या कितीजणांना महागड्या जिमचे पैसे परवडतात? पण दोन तळहात आणि हातभर जमीन सगळ्यांपाशी आहे.

अमरावतीचा तो आखाडा शंभरी ओलांडून पुढे गेला. त्याची महाविद्यालये झाली, मैदाने झाली, देशभरातून विद्यार्थी येऊ लागले. त्याचा वऱ्हाडाला अभिमान आहे आणि असावा. पण एक गोष्ट सांगून संपवतो. वैद्य बंधूंनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्यापाशी यातले काहीच नव्हते. जे होते, ते तुमच्या गावच्या मारुतीच्या पारापुढेही आहे. उद्या सकाळी तिथे एक शिक्षक आणि चार मुले उभी राहिली, म्हणजे पुन्हा सुरुवात झालीच म्हणून समजा.